डी व्हॅलेरा, एमन

(१४ ऑक्टोबर १८८२–२९ ऑगस्ट १९७५). आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातील एक अग्रगण्य नेता, फीअना फॉइल पक्षाचा संस्थापक, तीन वेळा आयर्लंडचा शासनप्रमुख (१९३२–४८, १९५१–५४ व १९५७–५९) आणि १९५९ ते १९७३ या काळात त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष. विसाव्या शतकातील आयर्लंडच्या इतिहासावर त्याच्याइतका दीर्घकाळ प्रभाव दुसऱ्या कोणत्याही राजकीय नेत्याने गाजविला नाही. १९१६ च्या सशस्त्र उठावात त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती. १९२२ मध्ये देश यादवी युद्धात ओढला गेला, त्याची जबाबदारी अनेकांनी त्याच्यावर टाकली. आणि त्याच नेत्याने पुढे सनदशीर मार्गाने ब्रिटिश राजसत्तेशी असलेले बहुतेक सर्व बंध एकेक करून तोडले. या विसंगतीमुळे त्याच्या कारकीर्दीचे मूल्यमापन आजही वादग्रस्त राहिले आहे.

पूर्वायुष्य : त्याचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. त्याची आई कॅथरिन कोल ही लिमरिक परगण्यातील ब्रुरी या खेड्यातून उपजीविकेसाठी अमेरिकेत गेलेली होती. वडील व्हिव्हिऑन डी व्हॅलेरा हे स्पॅनिश वंशाचे होते. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे १८८५ मध्ये त्याला मामाबरोबर आयर्लंडला आजीकडे पाठविण्यात आले. ब्रुरी येथील शेतमजुराच्या साध्या घरात त्याचे बालपण गेले. ग्रामीण, काटकसरी व धर्मनिष्ठ जीवनाविषयी त्याला वाटणाऱ्या आस्थेचे मूळ या संस्कारांत आढळते. ब्रुरी व चार्ल्व्हिल येथे शालेय शिक्षण घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्याने डब्लिनजवळील ब्लॅकरॉक महाविद्यालयात प्रवेश घेतला (१८९८). गणित हा त्याचा आवडता विषय होता. रॉयल विद्यापीठाची पदवी मिळविल्यानंतर (१९०४) त्याने विविध शिक्षणसंस्थांतून गणिताचे अध्यापन केले.

१९०८ मध्ये तो गेलिक लीग या संस्थेचा सभासद झाला. आयरिश भाषेचे पुनरुज्जीवन करणे, हा या संस्थेचा हेतू होता. तेथे आयरिश शिकविणारी सिनेड फ्लॅनगन हिच्याशी त्याने १९१० मध्ये विवाह केला. भाषेच्या प्रेमातून राजकारणाकडे वळलेल्या त्याच्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणेच त्याचाही प्रवास झाला. एडवर्ड हे नाव टाकून एमन हे आयरिश नाव त्याने याच काळात रूढ केले.

ईस्टरचा उठाव : ब्रिटिश संसदेत १९१२ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याचे तिसरे विधेयक मांडण्यात आले. त्यास अल्स्टरमधील प्रॉटेस्टंट युनियनवाद्यांनी कडवा विरोध केला आणि जानेवारी १९१३ मध्ये स्वतःचे सशस्त्र दल उभारले. त्याला प्रत्युत्तर म्हणून नोव्हेंबर १९१३ मध्ये डब्लिन येथे आयरिश स्वयंसेवक दल स्थापन झाले. डी व्हॅलेरा त्यात आरंभापासून दाखल झाला. स्वराज्याचा कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये संमत झाला. परंतु पहिल्या महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी स्थगित करण्यात आली. आयरिश संसदीय पक्षाचा नेता जॉन रेडमंड याने युद्धात ब्रिटनला साहाय्य करण्याचे आवाहन केले, तेव्हा स्वयंसेवक दलात फूट पडली. डी व्हॅलेरा हा युद्धसाहाय्यास विरोध करणाऱ्या अल्पसंख्य गटाबरोबर राहिला.

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये उठाव होऊन प्रजासत्ताकाची घोषणा करण्यात आली. याच आठवड्यात, २८ एप्रिल रोजी, लोकमान्य टिळकांनी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली, हा इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय. आयर्लंडकडून भारताने जो शब्द घेतला, त्या शब्दावरील तरुण आयरिश पिढीचा विश्वास तेव्हा उडालेला होता. डी व्हॅलेरा तिसऱ्या तुकडीचा प्रमुख असून बोलंडची पिठाची गिरणी व शहराच्या आग्नेय भागातील मार्ग यांच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे होते. त्याच्या हाताखालील मूठभर स्वयंसेवकांनी माउंट स्ट्रीट पुलापाशी ब्रिटिश फौजेस अडवून धरले. त्या चकमकीत २०० हून अधिक ब्रिटिश सैनिक मृत वा जखमी झाले. आठवड्याच्या अखेरीस बंडखोरांना शरण जावे लागले.

३ ते १२ मे या अवधीत १५ जणांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. डी व्हॅलेरालाही देहान्ताची शिक्षा झाली. पण ती जन्मठेपेत परिवर्तित करण्यात आली. त्याच्या अमेरिकेतील जन्माचे कारण यासाठी अनेकदा सांगितले जाते. तथापि त्याच्या खटल्यास झालेला विलंब आणि दरम्यान लोकमतात उसळलेली संतापाची लाट, ही कारणे अधिक निर्णायक होती. सुरुवातीस उठावाविषयी उदासीन असलेली जनता देहान्ताच्या शिक्षांमुळे बंडखोरांच्या बाजूस झुकली. हयात राहिलेल्या मोजक्या सेनानींपैकी एक म्हणून डी व्हॅलेराला अल्पावधीत राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली.

सिन फेन आणि स्वातंत्र्ययुद्ध : जून १९१७ मध्ये त्याची तुरुंगातून सुटका झाली. पुढच्याच महिन्यात पूर्व क्लेअर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत त्याने ५,०१० विरुद्ध २,०३५ मतांनी विजय मिळविला. ऑक्टोबरमध्ये आर्थर ग्रिफिथने त्याच्यासाठी सिन फेन पक्षाचे अध्यक्षपद सोडले. १९१८ मध्ये आयर्लंडवर सक्तीची लष्करभरती लादण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा संसदीय पक्ष, कामगार संघटना व कॅथलिक धर्मगुरू यांना एकत्र आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. मे महिन्यात त्याला पुन्हा अटक झाली. डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. संसदीय पक्षास केवळ ६ जागा मिळाल्या. निवडून आलेल्या सिन फेन सभासदांनी लंडनला न जाता २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिन येथे डॉइल एरिन ही आपली स्वतंत्र संसद भरविली.

३ फेब्रुवारी १९१९ रोजी डी व्हॅलेरा इंग्लंडमधील लिंकनच्या तुरुंगातून निसटला. तुरुंगातील धर्मगुरूच्या किल्लीचा मेणावर ठसा घेऊन त्यावरून किल्ली बनविण्यात आली होती आणि त्याला नेण्यासाठी मायकेल कॉलिन्स व हॅरी बोलंड स्वतः आले होते. एप्रिलमध्ये डॉइलने त्याची आपल्या शासनाचा प्रमुख म्हणून निवड केली. जूनमध्ये तो अमेरिकेस गेला आणि डिसेंबर १९२० पर्यंत तेथेच राहिला. तेथे त्याने प्रजासत्ताकाच्या रोख्यांद्वारे ५० लाख डॉलरांहून अधिक निधी उभारला. तथापि अमेरिकन शासनाची मान्यता मिळविण्यात त्याला यश आले नाही आणि जॉन डिव्हॉय प्रभृती आयरिश-अमेरिकन पुढाऱ्यांशी त्याचे तीव्र मतभेद झाले. २८ फेब्रुवारी १९२० रोजी न्यूयॉर्क येथे भारतीय स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांसमोर त्याने केलेले भाषण पुढे पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. भारत व आयर्लंड या दोन्ही देशांचा लढा एकाच साम्राज्याशी असल्याचे त्याने त्यात प्रतिपादिले.

त्याच्या अनुपस्थितीत आयर्लंडमध्ये गनिमी युद्ध पेटले होते. त्याची सूत्रे मुख्यतः कॉलिन्सच्या हाती होती. ब्रिटिश शासनाने १९२० मध्ये पाठविलेल्या ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या दलाच्या अत्याचारांमुळे ब्रिटनमधील लोकमतही अस्वस्थ झाले. १९२० च्या आयर्लंड शासन कायद्यान्वये सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड वेगळा करण्यात आला. अखेर ११ जुलै १९२१ रोजी युद्धबंदी झाली.

तह आणि यादवी युद्ध : युद्धबंदीनंतर डी व्हॅलेराने लंडन येथे पंतप्रधान लॉइड जॉर्ज याच्याशी प्राथमिक बोलणी केली. ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष वाटाघाटींसाठी शिष्टमंडळ पाठविण्याची वेळ आली, तेव्हा मात्र तो स्वतः गेला नाही. ग्रिफिथ व कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांना त्याने पाठविले. राष्ट्रप्रमुखाने वाटाघाटींच्या रिंगणात न उतरता अंतिम निर्णय हाती राखावा आणि मायदेशी राहून जहाल सहकाऱ्यांना सांभाळावे, असे त्याचे म्हणणे होते. शिष्टमंडळास करारावर सह्या करण्याचे पूर्ण अधिकार देण्यात आले होते; त्याचबरोबर अंतिम मसुदा सहीपूर्वी डब्लिनला पाठविण्याची सूचनाही होती. या दोन आदेशांतील विसंगतीतूनच पुढचा अनर्थ ओढवला. सह्या न झाल्यास तत्काळ युद्ध सुरू होईल, अशी लॉइड जॉर्जने धमकी दिली आणि डब्लिनशी विचारविनिमय न करताच शिष्टमंडळाने ६ डिसेंबर १९२१ रोजी तहावर सह्या केल्या.

या तहान्वये २६ परगण्यांच्या आयरिश फ्री स्टेटला कॅनडासारखा वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा मिळाला. संसद सदस्यांनी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल असावा, तीन बंदरे ब्रिटिश आरमाराकडे राहावीत, अशा अटी त्यात होत्या. उत्तर आयर्लंडला बाहेर राहण्याची मुभा होती. तसे झाल्यास सीमा आयोग नेमावयाचा होता. डी व्हॅलेराने ‘बाह्य सहयोगा’ची पर्यायी योजना मांडली. अंतर्गत कारभारात आयर्लंड पूर्णतः प्रजासत्ताक असावे आणि राष्ट्रकुलाशी ते केवळ बाहेरून संबद्ध राहावे, असे तिचे स्वरूप होते. दोन्ही मसुद्यांतील अंतर अनेकांना सूक्ष्म वाटले. त्याच्या दृष्टीने मात्र सार्वभौमत्वाचा उगम राजात की जनतेत, हा मूलभूत प्रश्न त्यात गुंतला होता. उलट, तहाने पूर्ण स्वातंत्र्य मिळाले नसले, तरी ते मिळविण्याचे स्वातंत्र्य मिळाले आहे, अशी कॉलिन्सची भूमिका होती. फाळणीचा प्रश्न या वादात तुलनेने मागे राहिला, ही बाब लक्षणीय आहे.

७ जानेवारी १९२२ रोजी डॉइलने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह संमत केला. डी व्हॅलेराने राजीनामा दिला आणि फेरनिवडणुकीत तो दोन मतांनी पराभूत झाला. मार्च महिन्यातील त्याच्या भाषणांत, तह स्वीकारल्यास स्वातंत्र्यासाठी पुढे स्वकीयांच्याच रक्तातून वाट काढावी लागेल, अशा अर्थाचे उद्‌गार होते. तो इशारा होता की चिथावणी, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जूनमधील निवडणुकीत तहाच्या बाजूच्या उमेदवारांना बहुमत मिळाले. २८ जून रोजी फ्री स्टेटच्या सैन्याने डब्लिनमधील फोर कोर्ट्‌स या न्यायालयांच्या इमारतीत ठाण मांडलेल्या तहविरोधकांवर तोफा डागल्या आणि यादवी युद्धास तोंड फुटले.

या युद्धात डी व्हॅलेराचे स्थान दुय्यम होते. खरी सत्ता लिअम लिंच याच्यासारख्या सेनानींकडे होती. ऑगस्ट १९२२ मध्ये ग्रिफिथचे निधन झाले आणि दहा दिवसांनी कॉलिन्स दबा धरून बसलेल्या तहविरोधकांच्या गोळीबारात मारला गेला. फ्री स्टेट शासनाने सत्तरहून अधिक कैद्यांना देहान्ताची शिक्षा दिली. ब्रिटिशांनी १९१६ मध्ये दिलेल्या शिक्षांच्या कित्येक पटींनी ही संख्या अधिक होती. मे १९२३ मध्ये तहविरोधकांनी शस्त्रे खाली ठेवली. सु. दीड हजार माणसे या युद्धात मरण पावली. एकाच ध्येयासाठी खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे परस्परांची वैरी बनली आणि पुढील अनेक दशके आयर्लंडचे पक्षीय राजकारण याच दुफळीवर उभे राहिले. ऑगस्ट १९२३ मध्ये एनिस येथे निवडणुकीच्या सभेत डी व्हॅलेराला अटक झाली. जुलै १९२४ मध्ये त्याची सुटका झाली.

फीअना फॉइलची स्थापना : सीमा आयोगाचे काम १९२५ मध्ये निष्फळ ठरले आणि विद्यमान सीमाच कायम झाली. संसदेवर बहिष्कार टाकून काही साधणार नाही, हे डी व्हॅलेराने ओळखले. शपथ रद्द झाल्यास संसदेत जाण्यास प्रत्यवाय नसावा, हा त्याचा ठराव सिन फेनने थोड्या मतांनी फेटाळला, तेव्हा त्याने तो पक्ष सोडून मे १९२६ मध्ये डब्लिन येथे फीअना फॉइल पक्षाची स्थापना केली. जून १९२७ च्या निवडणुकीत या पक्षाला ४४ जागा मिळाल्या. पण शपथेस नकार दिल्यामुळे त्याच्या सभासदांना सभागृहात प्रवेश मिळाला नाही.

१० जुलै १९२७ रोजी न्यायमंत्री केव्हिन ओ’हिगिन्स याची हत्या झाली. त्यानंतर विल्यम कॉसग्रेव्ह याच्या शासनाने, निवडून आल्यास शपथ घेण्याची पूर्वहमी प्रत्येक उमेदवाराने द्यावी, असे विधेयक आणले. यामुळे डी व्हॅलेरापुढे दोनच मार्ग उरले : संसदीय राजकारणाचा कायमचा त्याग किंवा शपथ. ऑगस्टमध्ये आपल्या सहकाऱ्यांसह तो सभागृहाच्या कचेरीत गेला, बायबल बाजूस सारले आणि आपण शपथ घेत नसून प्रवेशासाठी आवश्यक तेवढी औपचारिकता पुरी करीत आहोत, असे सांगून त्याने नोंदवहीत सही केली. जी शपथ १९२२ मध्ये राष्ट्राच्या अस्मितेचा प्रश्न ठरली होती, ती १९२७ मध्ये पोकळ औपचारिकता कशी झाली, हा त्याच्या टीकाकारांचा प्रश्न होता व त्याला पूर्णतः समाधानकारक उत्तर त्याला कधीच देता आले नाही. मात्र या एका निर्णयामुळे लोकसंख्येचा एक मोठा विभाग सशस्त्र मार्ग सोडून सनदशीर राजकारणात आला आणि आयर्लंडमधील लोकशाहीचा पाया पक्का झाला. आयरिश प्रेस हे दैनिक त्याने १९३१ मध्ये सुरू केले. पक्षाच्या प्रसारास त्याचा मोठा उपयोग झाला. परंतु या वृत्तपत्राचे नियंत्रण त्याच्या कुटुंबाकडे राहिले, याबद्दल पुढे त्याच्यावर टीका झाली.

सत्ताग्रहण व तहाचे विसर्जन : फेब्रुवारी १९३२ च्या निवडणुकीत फीअना फॉइलला ७२ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाच्या पाठिंब्याने ९ मार्च रोजी डी व्हॅलेरा शासनप्रमुख झाला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी शस्त्राने लढा दिला, त्यांच्याच हाती कॉसग्रेव्हने शांतपणे सत्ता सोपविली. यादवी युद्धानंतर इतक्या अल्पकाळात घडलेले असे सत्तांतर विरळाच होय.

सत्तेवर येताच त्याने तहातील एकेक कलम निकालात काढण्यास प्रारंभ केला. राजनिष्ठेची शपथ मे १९३३ मध्ये रद्द झाली. गव्हर्नर जनरलचे पद प्रथम निष्प्रभ करण्यात आले. डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डच्या सिंहासनत्यागाची संधी साधून राजाचा व गव्हर्नर जनरलचा उल्लेख संविधानातून काढून टाकण्यात आला. केवळ परराष्ट्रीय व्यवहारापुरता राजाशी औपचारिक संबंध उरला, म्हणजेच १९२१ ची बाह्य सहयोगाची कल्पना प्रत्यक्षात आली. कुळांनी जमिनी विकत घ्याव्यात म्हणून पूर्वी ब्रिटिश शासनाने दिलेल्या कर्जाचे वार्षिक ३० लाख पौंडांहून अधिक रकमेचे हप्ते लंडनला देणे त्याने बंद केले. ब्रिटनने आयरिश गुरे व अन्य शेतमालावर जबर जकात बसविली, तर आयर्लंडने ब्रिटिश कोळसा व इतर मालावर. या ‘आर्थिक युद्धा’ची झळ मुख्यतः गुरांची पैदास करणाऱ्या शेतकऱ्यांना पोहोचली. २५ एप्रिल १९३८ च्या कराराने हा तंटा मिटला : आयर्लंडने १ कोटी पौंड एकरकमी दिले आणि ब्रिटनने आपल्या ताब्यातील तिन्ही बंदरे परत केली. हा करार म्हणजे त्याच्या मुत्सद्देगिरीचा सर्वोच्च बिंदू मानला जातो.

अंतर्गत कारभारात त्याने दोन्ही टोकांच्या शक्तींना आवर घातला. ओ’डफी याच्या निळ्या सदऱ्यांच्या संघटनेवर त्याने बंदी घातली, तशीच आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या आयरिश रिपब्लिकन आर्मीवरही १९३६ मध्ये बंदी घातली. राष्ट्रसंघातही त्याने ठसा उमटविला; १९३२ मध्ये मंडळाचा आणि १९३८ मध्ये महासभेचा तो अध्यक्ष होता. लहान राष्ट्रांचे रक्षण सामूहिक सुरक्षिततेनेच होऊ शकेल, असे तो आग्रहाने सांगत असे.

१९३७ चे संविधान : डी व्हॅलेराच्या देखरेखीखाली तयार झालेले नवे संविधान १ जुलै १९३७ रोजी सार्वमताने संमत झाले (६,८५,१०५ विरुद्ध ५,२६,९४५) आणि २९ डिसेंबर १९३७ पासून अंमलात आले. सार्वभौमत्व जनतेचे असल्याची घोषणा, प्रत्यक्ष जनतेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष, टीशॉख या आयरिश नावाने ओळखला जाणारा पंतप्रधान, मूलभूत हक्क आणि कायद्यांची वैधता तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार, ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. कॅथलिक चर्चला त्यात ‘विशेष स्थान’ देण्यात आले; घटस्फोटास मनाई करण्यात आली; स्त्रीचे गृहातील कार्य राष्ट्रास आधारभूत असल्याचे नमूद करण्यात आले. संपूर्ण बेट हे राष्ट्राचे क्षेत्र होय, असा दावाही दुसऱ्या व तिसऱ्या कलमांत होता. यामुळे उत्तरेकडील प्रॉटेस्टंट समाज अधिकच दुरावला. चर्चच्या विशेष स्थानाचे कलम १९७२ मध्ये वगळण्यात आले, घटस्फोटाची मनाई १९९५ च्या सार्वमताने उठली आणि १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर प्रादेशिक दाव्याच्या कलमांत बदल झाला. स्त्रीच्या स्थानाविषयीचे कलम बदलण्याचा प्रस्ताव मात्र मार्च २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला.

या संविधानाचा भारतीय संविधानाशी निकटचा संबंध आहे. त्याच्या ४५ व्या कलमात सामाजिक धोरणाची निदेशक तत्त्वे दिली असून ती कायदेमंडळाला मार्गदर्शक, परंतु न्यायालयांच्या कक्षेबाहेरची आहेत. भारतीय संविधानाच्या चौथ्या भागातील राज्यनीतीची निदेशक तत्त्वे याच नमुन्यावर आधारलेली आहेत. भारतीय संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी १९४७ च्या अखेरीस परदेशांचा अभ्यासदौरा केला, त्यात डब्लिनचाही समावेश होता. राज्यसभेत नामनिर्देशित सदस्य असावेत, या तरतुदीमागेही आयरिश सेनेटचे उदाहरण होते.

तटस्थता : दुसऱ्या महायुद्धात डी व्हॅलेराने आयर्लंडला तटस्थ ठेवले. बंदरे परत मिळाली नसती, तर हे शक्य झाले नसते. देशाची फाळणी कायम असताना ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरणे जनतेला मानवणार नाही आणि लहान राष्ट्राने आपले सार्वभौमत्व सिद्ध करण्याचा हाच मार्ग होय, अशी त्याची धारणा होती. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटनने युद्धप्रवेशाच्या मोबदल्यात आयर्लंडच्या एकीकरणाचे तत्त्व मान्य करण्याची तयारी दाखविली. परंतु उत्तर आयर्लंडच्या संमतीची हमी नसल्याने त्याने ती नाकारली. व्यवहारात ही तटस्थता दोस्त राष्ट्रांना अनुकूल होती. आयर्लंडमध्ये उतरलेल्या दोस्त वैमानिकांना बहुधा परत जाऊ देण्यात येई आणि हवामानाची माहिती ब्रिटनला नियमित पुरविली जाई. नॉर्मंडीवरील स्वारीचा दिवस ठरविताना मेयो परगण्यातील ब्लॅकसॉड येथील नोंदी उपयोगी पडल्या. एप्रिल १९४१ मध्ये बेलफास्टवर बाँबहल्ला झाला, तेव्हा त्याने सीमेपलीकडे अग्निशामक बंब धाडले.

मे १९४५ मध्ये हिटलरच्या मृत्यूनंतर जर्मन राजदूताची भेट घेऊन त्याने औपचारिक दुखवटा व्यक्त केला. राजनैतिक संकेताचे हे काटेकोर पालन जगभर निषेधाचा विषय ठरले आणि त्याच्या कारकीर्दीवरील तो एक डाग मानला जातो. चर्चिलने विजयाच्या भाषणात आयर्लंडवर कठोर टीका केली. त्यास १६ मे रोजी नभोवाणीवरून डी व्हॅलेराने दिलेले संयत उत्तर मात्र आयरिश जनतेला अतिशय भावले.

उत्तरायुष्य : सलग सोळा वर्षांनंतर १९४८ च्या निवडणुकीत त्याची सत्ता गेली. त्यानंतर फाळणीविरुद्ध लोकमत जागृत करण्यासाठी त्याने अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांचा दौरा केला. जून १९४८ मध्ये त्याने भारतासही भेट दिली. सुभाषचंद्र बोस १९३६ मध्ये डब्लिन येथे त्याला भेटले होते. १८ एप्रिल १९४९ रोजी जॉन कॉस्टेलो याच्या संमिश्र शासनाने प्रजासत्ताकाची घोषणा अंमलात आणून राष्ट्रकुलाचा त्याग केला. त्याच महिन्यात लंडन येथे भारताने प्रजासत्ताक राहूनही राष्ट्रकुलात राहण्याचा मार्ग मान्य करून घेतला. राजाला केवळ सहयोगाचे प्रतीक मानण्याची ही व्यवस्था डी व्हॅलेराच्या १९२१ मधील योजनेशी मिळतीजुळती होती. आयर्लंडला जे मिळाले नाही व ज्यासाठी तेथे रक्त सांडले, ते भारताला वाटाघाटींनी मिळाले.

१९५१–५४ व १९५७–५९ या काळात तो पुन्हा पंतप्रधान झाला. हा काळ आर्थिक कुंठितावस्थेचा होता. स्वावलंबी शेती, संरक्षक जकाती व साधे ग्रामीण जीवन यांवर आधारलेले त्याचे धोरण रोजगार पुरवू शकले नाही. १९५१ ते १९६१ या दशकात सु. ४ लाख लोकांनी देश सोडला. परकीय भांडवल व खुला व्यापार यांचा पुरस्कार करणारे नवे धोरण त्याचा उत्तराधिकारी शॉन लेमास याने राबविले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनातही अपेक्षित यश आले नाही आणि फाळणी तर कायमच राहिली. जी दोन उद्दिष्टे त्याने सर्वांत महत्त्वाची मानली, ती दोन्ही त्याच्या हयातीत साध्य झाली नाहीत. विद्याक्षेत्रात मात्र त्याने १९४० मध्ये स्थापन केलेल्या डब्लिन उच्च अध्ययन संस्थेने कीर्ती मिळविली. नात्सी राजवटीमुळे ऑस्ट्रिया सोडावा लागलेला भौतिकीविज्ञ अर्व्हीन श्रोडिंजर तेथे अनेक वर्षे होता.

१९५९ मध्ये डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष झाला व १९६६ मध्ये अल्प मताधिक्याने पुन्हा निवडून आला. त्याची दृष्टी तोपर्यंत जवळजवळ गेली होती. जून १९७३ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, तो निवृत्त झाला. पत्नी सिनेड हिच्या निधनानंतर काही महिन्यांतच डब्लिन येथे त्याचे देहावसान झाले. ग्लॅसनेव्हिन दफनभूमीत, जेथे कॉलिन्स व ग्रिफिथ यांच्याही समाध्या आहेत, तेथेच त्याचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन : डी व्हॅलेरा हा शब्दांच्या अर्थाविषयी विलक्षण काटेकोर होता. गणिताच्या अध्यापकाची ही वृत्ती संविधानरचनेत व वाटाघाटींत त्याचे बळ ठरली. १९२१-२२ मध्ये तीच राष्ट्राला महाग पडली. तहाच्या चौकटीत राहूनच त्याने १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत तह निकालात काढला, ही घटना कॉलिन्सची भूमिका खरी ठरविते, असे त्याचे टीकाकार म्हणतात. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यामुळे वसाहतींच्या कायदेमंडळांना पूर्ण अधिकार मिळाले व त्या संधीचा निर्धाराने उपयोग करणारा नेता आयर्लंडला लाभला, असे त्याचे समर्थक म्हणतात. या दोन्ही मतांत तथ्य आहे. यादवीच्या जखमा वाहणाऱ्या देशात पराभूत पक्षाला मतपेटीकडे वळविणे आणि सत्ता हाती आल्यावर ती निवडणुकीच्या निर्णयानुसार सोडून देणे, ही त्याची कामगिरी मात्र वादातीत आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान यूरोपात स्वतंत्र झालेल्या अनेक राष्ट्रांत लोकशाही कोसळली. आयर्लंडमध्ये ती टिकली. याचे श्रेय कॉसग्रेव्हप्रमाणेच त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही द्यावे लागते.